मशीन दोरा तोडतं, खाली गुंता करतं: स्क्रूला हात लावण्याआधी काय काय तपासायचं

शिवणवर्ग चालवणाऱ्या बाईकडे मशीन घेऊन येणारी माणसं साधारण एकाच वाक्याने सुरुवात करतात: "टेन्शन बिघडलंय," म्हणजे दोऱ्यावरचा ताण बिघडलाय. आणि मशीन बघितलं तर बॉबिन केसचा (खालच्या दोऱ्याची फिरकी, म्हणजे बॉबिन, बसते त्या डबीचा) स्क्रू आधीच चारदा फिरवलेला, वरची चकती घट्ट आवळलेली. मूळ दोष मात्र तसाच. बहुतेक वेळा तो दोरा ओवण्यात, सुईत किंवा बॉबिन भरण्यात असतो आणि त्याला स्क्रू ड्रायव्हर लागतच नाही. म्हणून इथे टेन्शन मुद्दाम शेवटाकडे ठेवलं आहे.

हे सगळं घरगुती मशिनबद्दल आहे. म्हणजे डाव्या बाजूची सरकपट्टी उघडून बॉबिन घालायचं काळं हाताचं किंवा पायाचं मशीन, आणि मोटारवालं पांढरं झिगझॅग मशीन. कापडाचा काठ बांधणाऱ्या ओव्हरलॉक मशिनमध्ये दोऱ्याची वाट वेगळी असते, त्याचं इथे काही नाही.

आधी लक्षण नीट बघा

कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचं जाळं होतं. टीप सुरू करताच होत असेल तर कारण एक, मध्येच होत असेल तर दुसरं, तेव्हा कुठे होतं ते लक्षात ठेवा.

वरचा दोरा तुटतो. तुटलेलं टोक उजेडात धरून बघा. टोक पिंजलेलं असेल तर दोरा कुठेतरी घासतोय, बहुधा सुईच्या नेढ्यात. कातरल्यासारखं साफ तुटलेलं असेल तर वाटेत कुठे तरी धार आली आहे. ताणून, वळ पडून तुटल्यासारखं दिसत असेल तर दोरा रिळापाशी अडकतोय किंवा टेन्शन फार घट्ट आहे. हे अगदी काटेकोर नाही, पण शोध कुठून सुरू करायचा ते कळतं.

टीप सुरू करताच दोरा सुईतून निसटतो.

खालचा दोरा वर ठिपक्यांसारखा दिसतो.

टाके सुटतात, म्हणजे चार बरे पडतात आणि पाचव्याजागी लांब उडी.

बॉबिनचा दोरा वर येतच नाही, किंवा मध्येच तुटतो.

सुई कापडात शिरताना टप टप आवाज येतो. हे लक्षण कोणी सांगत नाही, पण माझ्या लेखी ते सगळ्यात उपयोगी आहे. सुई बोथट झाली आहे हे तो आवाज दोरा तुटायच्या आधी सांगतो.

आता एक चाचणी. पॉपलीनचा किंवा जुन्या चादरीचा तुकडा दुहेरी घ्या. वर लाल दोरा, बॉबिनमध्ये निळा, दोन्ही एकाच जाडीचे. वीतभर टीप मारा. खालच्या बाजूला लाल दोऱ्याचे फासे दिसले तर वरचा दोरा सैल जातोय. वरच्या बाजूला निळे ठिपके दिसले तर वरचा फार घट्ट आहे किंवा खालचा सैल. दोन्ही बाजूंनी आपापलाच रंग दिसला तर टेन्शनचा प्रश्नच नाही, दुसरीकडे शोधा. एकाच रंगाच्या दोऱ्याने शिवून डोळे फोडण्यापेक्षा ही पाच मिनिटं सत्कारणी लागतात.

यामागचं तत्त्व सोपं आहे. आपल्या मशिनचा टाका दोन दोऱ्यांचा असतो. वरचा दोरा सुईबरोबर खाली जातो, शटल (बॉबिन केस ज्यात बसते तो टोकदार फिरता भाग) त्याचा फासा पकडून बॉबिनभोवती फिरवतं आणि दोन्ही दोरे कापडाच्या मधोमध एकमेकांत अडकतात. वरचा दोरा वेळेत मागे ओढला गेला नाही की त्याचे फासे खाली साचतात. म्हणून खाली जाळं दिसलं की दोष बहुतेक वेळा वर असतो. लोक मात्र खाली जाळं दिसलं म्हणून खालची बॉबिन केस काढून बसतात.

१. सगळा दोरा काढा आणि पुन्हा ओवा

मोटारचं मशीन असेल तर आधी बटण बंद करा आणि पॅडलवरून पाय काढा. सुईजवळ बोटं न्यायची असतील तेव्हा प्रत्येक वेळी.

प्रेशर फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा पाय, वर उचला. ही पायरी सगळ्यात जास्त चुकते. फूट वर असताना टेन्शनच्या दोन चकत्या एकमेकींपासून सुटतात आणि दोरा त्यांच्यामध्ये जाऊन बसतो. फूट खाली ठेवून ओवलं तर चकत्या मिटलेल्या असतात, दोरा वरच्यावर राहतो आणि टेन्शन लागतच नाही. मग तुम्ही आकडा कितीही फिरवा.

काळ्या मशिनवर वाट अशी: रीळ, वरचा मार्गदर्शक हूक, डाव्या टोकाच्या टेन्शनच्या चकत्या, तिथलीच बारीक तारेची स्प्रिंग, मग वर-खाली होणारी लिव्हर, मग खालचे एक-दोन हूक आणि शेवटी सुईचं नेढं. स्प्रिंग आणि लिव्हर या दोन जागा घाईत राहून जातात. लिव्हरमधून दोरा सुटलेला असेल तर दोन-चार टाक्यांतच खाली गुंता होतो, कारण शटलभोवती फिरून आलेला दोरा परत वर ओढून घेणारं कोणीच उरत नाही.

ओवून झालं की तपासणी: फूट वर ठेवून दोरा ओढा, अलगद यायला हवा. आता फूट खाली करून ओढा. चांगला अडायला हवा, सुई जरा वाकतेय असं वाटेल. दोन्ही वेळी सारखाच सैल आला तर दोरा चकत्यांमध्ये बसलेला नाही, किंवा चकत्यांमध्ये कचरा आहे. कचऱ्याबद्दल पुढे येईलच.

२. टीप सुरू करायची पद्धत

सुरुवातीलाच जाळं होत असेल किंवा दोरा निसटत असेल तर मशीन बहुधा निर्दोष असतं.

वरचा आणि खालचा, दोन्ही दोरे वीतभर बाहेर काढून फुटाखालून मागे घ्या आणि पहिले तीन-चार टाके पडेपर्यंत बोटाने धरून ठेवा. नाहीतर सुटं टोक खाली खेचलं जातं आणि तिथेच गाठोडं होतं.

लिव्हर सर्वांत वर असतानाच सुरुवात करा आणि तिथेच थांबा. लिव्हर खाली किंवा अर्ध्यावर असताना चाक फिरवलं तर ती वर जाताना पहिला झटका सुईतल्या दोऱ्याला देते, आणि दोरा नेढ्यातून बाहेर येतो. कापड काढतानाही तेच. लिव्हर वर, फूट वर, मग कापड मागच्या बाजूला सरकवून दोरे कापायचे. पुढे ओढून काढायची सवय असेल तर ती मोडा, कारण त्याने सुई वाकते.

पायाच्या मशिनवर नवीन शिकणाऱ्यांचं चाक उलटं फिरतं. चाकाचा वरचा भाग आपल्याकडे यायला हवा. सुरुवातीला तो उलटा एक फेरा गेला तरी दोरा शटलमध्ये अडकतो. म्हणून आधी हाताने चाक आपल्याकडे फिरवायचं, मग पाय चालवायचा. नुसता रिकामा पाय चालवायचा सराव, कापड आणि दोरा न लावता, हा शिवणवर्गातला पहिला धडा असतो तो उगाच नाही.

जॉर्जेट, शिफॉन, ऑर्गन्झा अगदी काठापासून शिवायला घेतलं की सुई काठालाच प्लेटच्या छिद्रात ढकलते. खाली साध्या पातळ कागदाची पट्टी ठेवून शिवा आणि नंतर ती फाडून काढा. वर्तमानपत्र नको, शाई कापडाला लागते.

३. दोरा आणि रीळ

वीतभर दोरा दोन हातांत धरून झटका द्या. सहज तुटला तर तो मशिनवर टिकणार नाही. आजीच्या डब्यातली सुती रिळं रंगाने छान असतात, पण सुती दोरा जुना झाला की जीव सोडतो. त्यांनी हाताने हेम घाला, बटणं लावा. दोऱ्यात मधूनच जाड गाठी दिसत असतील तर ते रीळ कितीही स्वस्त मिळालेलं असो, बाजूला ठेवा. प्रत्येक गाठ नेढ्यात अडकणार.

रिळाच्या काठाला दोरा अडकवायची खाच असते. रीळ फिरताना दोरा त्या खाचेत अडकला की ठरावीक अंतराने झटका बसतो. रीळ उलटं करून घाला, संपला प्रश्न. उभ्या खुंटीवर रीळ असेल तर सैल झालेला दोरा रिळाखाली घसरून खुंटीभोवती गुंडाळला जातो. खाली जाड कापडाची गोल चकती कापून ठेवा.

मोठा कोन घरगुती मशिनच्या खुंटीवर लावू नका. कोनचा दोरा वरच्या बाजूने सुटावा अशी त्याची गुंडाळणी असते. कोन मशिनमागे पेल्यात उभा ठेवा, दोरा वर एखाद्या हुकातून घ्या आणि मग मशिनकडे आणा.

वर आणि खाली दोरा शक्यतो एकाच जाडीचा ठेवा. वर जाड, खाली बारीक असं केलं की समतोल साधताना जन्म जातो. जरीचा दोरा सुईतून सतत तुटत असेल तर तो बॉबिनमध्ये भरा आणि कापड उलटं ठेवून शिवा. जरी मग सुलट बाजूला येते आणि नेढ्यात घासतच नाही. गोधडीसाठी मिळणारा मेण लावलेला हातशिलाईचा दोरा मात्र मशिनला वरून-खालून कुठूनच लावू नये, त्याचं मेण चकत्यांमध्ये बसतं.

४. सुई बदला

सुई मोडेपर्यंत बदलायची नाही, असा आपल्याकडे नियमच आहे. आठवड्याचं ब्लाउजचं काम तिच्यावर काढायचं, वर गुरुवारी मुलाची जीन्स आखूड करायची, आणि शनिवारी मशिनला दोष द्यायचा. साधारण आठ तास प्रत्यक्ष शिवण झालं की सुई बदलावी. सुईचं पाकीट ब्लाउजच्या अस्तराहून स्वस्त पडतं.

सुईवर एवढा भर का, ते सांगते. सुई तळाला जाऊन वर यायला लागते तेव्हा तिच्या सपाट बाजूला दोऱ्याचा छोटा फासा फुगतो. शटलचं टोक तो फासा उचलतं. सुई केसाएवढी वाकलेली असेल, पुरती वर बसवलेली नसेल किंवा तिरकी असेल, तर शटल रिकामंच पुढे जातं. तोच सुटलेला टाका. आणि नेढ्याला बारीकसा ओरखडा असेल तर टाका पडण्याआधी दोऱ्याचा तोच भाग त्या नेढ्यातून पुन्हा पुन्हा मागेपुढे जातो, म्हणून तो पिंजतो.

सुई बसवताना तिचं बूड पूर्ण वर टेकलं पाहिजे. घरगुती सुईच्या बुडाची एक बाजू सपाट असते, आणि समोरच्या बाजूला लांब खाच असते. दोरा नेहमी लांब खाचेच्या बाजूने नेढ्यात शिरतो आणि सपाट बाजू शटलकडे राहते. पांढऱ्या झिगझॅग मशिनवर याचा अर्थ सपाट बाजू मागे आणि दोरा पुढून मागे. काळ्या मशिनवर बॉबिन डावीकडे, म्हणून सपाट बाजू डावीकडे आणि दोरा उजवीकडून डावीकडे. उलट बसवलेल्या सुईने मशीन एकही टाका धरत नाही. दुकानातून सुई घेताना एचए सुई मागा. कारखान्यातल्या पॉवर मशिनची डीबी सुई गोल बुडाची असते, ती घरच्या मशिनला चालत नाही, पण दुकानदाराच्या एकाच डब्यात दोन्ही असू शकतात.

नंबर: शिफॉन, जॉर्जेट, तलम रेशीम यांना ११. रुबिया, पॉपलीन, खण, साधं कॉटन यांना १४. पडदे, जाड कॉटन, कॅनव्हास लावलेला कॉलर यांना १६. जीन्सच्या चार पदरांना १८. पाकिटावर ९०/१४ असं लिहिलेलं असतं. त्यातला ९० म्हणजे सुईची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत, म्हणजे ०.९ मिलिमीटर. टी-शर्टच्या होजिअरी कापडावर टाके सुटत असतील तर गोल टोकाची सुई घ्या. टोकदार सुई विणीचा धागा भोसकते, गोल टोकाची तो बाजूला सारून जाते. माझा अनुभव असा की होजिअरीवर "मशीन टाके सोडतं" ही तक्रार नुसत्या सुईबदलाने मिटते, आणि लोकांचा विश्वास बसत नाही.

सुई आणि दोरा जुळतात का, हे बघायची जुनी युक्ती: सुई मशिनला न लावता हातभर दोऱ्यात ओवा, दोरा तिरका ताणून धरा. सुई आपल्या वजनाने घसरत खाली आली तर जोडी बरोबर. अडून बसली तर सुई एक नंबर मोठी घ्या.

टिकल्या किंवा गोंदाने चिकटवलेले खडे असलेल्या कापडावर शिवलं असेल तर सुई हाताला चिकट लागते का बघा. चिकट सुई दोरा तोडते. पुसून वापरता येते, पण बदललेली बरी.

५. बॉबिन

बॉबिन भरताना दोरा भरणीच्या छोट्या टेन्शनमधून घेतला नाही तर ती एका बाजूला फुगते आणि मऊ राहते. भरलेल्या बॉबिनवर अंगठा दाबा. दबली तर पुन्हा भरा. काठोकाठ भरू नका, काठाच्या जरा आतच थांबा, नाहीतर ती केसमध्ये घासत फिरते आणि दोरा ओढून तुटतो. जुन्या दोऱ्यावर नवा रंग भरणं हीसुद्धा आपली लाडकी काटकसर. खालचा थर सैल असतो, वरचा त्यात रुततो आणि अर्ध्या ब्लाउजवर खालचा दोरा अडकतो.

बॉबिन मशिनचीच हवी. बाजारात एकसारख्या दिसणाऱ्या बॉबिन उंचीने किंचित कमी-जास्त असतात. स्टीलची बॉबिन दिलेल्या मशिनला स्टीलचीच द्या. काठ वाकलेली बॉबिन टाकून द्या, सुईदोऱ्याच्या डब्यात परत ठेवू नका, ती पुन्हा वर येते.

केसमध्ये घालताना दोरा खाचेतून सरकवून केसवरच्या पत्तीखाली ओढून घ्यायचा, पत्तीच्या टोकाशी तो बाहेर येईपर्यंत. पत्तीखाली न गेलेला दोरा म्हणजे खालचं टेन्शन शून्य. केस मशिनमध्ये बसवताना खट् असा आवाज आला पाहिजे. आला नसेल तर ती अर्धवट बसली आहे, पहिल्या दोन टाक्यांत बाहेर येईल आणि सुई तिच्यावर आपटेल.

६. सफाई

आता अवजारं काढायची. एक छोटा ब्रश, मऊ कापड, मशिनचं तेल.

सुईची प्लेट काढा. कापड पुढे सरकवणाऱ्या दातांच्या मधल्या फटींत कापसाची लव दाबून बसलेली असते, कधी तिचा चक्क नमदा झालेला असतो. दात त्यामुळे खाली दबतात, कापड नीट पुढे सरकत नाही आणि एकाच जागी टाके पडून गुंता होतो. मग बॉबिन केस काढा, शटल धरून ठेवणारी गोल कडी तिचे खटके फिरवून मोकळी करा, शटल बाहेर घ्या. त्याच्या मागे दोऱ्याचे तुकडे अडकलेले असतात. चाक जड फिरत असेल तर ते बहुधा त्यांच्यामुळेच. काढताना मोबाइलवर फोटो काढत जा, परत बसवताना कुणाला विचारावं लागणार नाही. तोंडाने फुंकू नका. फुंकरीबरोबर दमट हवा जाते, आणि कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात मशीन तशीही गंज धरायला टपलेलं असतं.

बॉबिन केसच्या पत्तीखाली लव जमली की टेन्शन मनाला येईल तसं बदलतं. जाड कागदाचा कोपरा पत्तीखालून सरकवा. टाचणी घालू नका, ओरखडा पडला तर तोच पुढे दोरा पिंजणार.

वरच्या टेन्शनच्या चकत्या: फूट वर करा आणि दुमडलेल्या सुती कापडाची पट्टी चकत्यांमधून दोन-चारदा मागेपुढे ओढा. खंडेनवमीला मशिनची पूजा झाल्यावर हे नक्की करा. हळद-कुंकू वाहावं, झेंडूचं फूल ठेवावं, पण ते डोक्यावर, चकत्यांवर नाही. कुंकवाची बारीक पूड चकत्यांमध्ये गेली की चकत्या मिटत नाहीत, आणि दसऱ्यानंतर "आपोआप टेन्शन गेलं" म्हणून मशिनं यायला लागतात. शिवाय पांढऱ्या कापडावर गुलाबी टीप पडते ती वेगळीच.

तेल फक्त शिलाई मशिनचं, पातळ आणि पारदर्शक. शटल जिथे फिरतं त्या कडेला एक थेंब पुरे. खोबरेल किंवा गोडंतेल घालू नका. ते हवेने चिकट होतं आणि काही महिन्यांत मशीन जाम करतं. तेल घातल्यावर चिंधीवर भरपूर टीप मारून घ्या, मगच पैठणीच्या ब्लाउजकडे वळा. नवीन इलेक्ट्रॉनिक मशिनमध्ये वरून टाकायची बॉबिन असते, तिथे बहुतेकदा तेल घालायचं नसतं. माहितीपुस्तिका सांगेल तेवढंच करा.

७. आता टेन्शन

इथपर्यंत येऊन लाल-निळ्या दोऱ्याची चाचणी पुन्हा करा. बहुतेक मशिनं इथेच सरळ झालेली असतात. नसेल तर आधी खालचं, मग वरचं.

बॉबिन केस मशिनबाहेर काढा. दोऱ्याचं टोक धरून तिला अधांतरी लोंबू द्या, खाली दुसरा हात ठेवून. स्थिर लटकली पाहिजे. आता मनगटाने हलका झटका द्या. इंच-दीड इंच घसरून थांबली तर छान. आपणहून सरसर खाली आली तर सैल, झटका देऊनही हलली नाही तर घट्ट. पत्तीवरचा स्क्रू उजवीकडे फिरवला की घट्ट, डावीकडे सैल. एका वेळी पाव फेऱ्याहून कमी. आधी स्क्रूचा फोटो काढा किंवा खाचेची दिशा पेनाने केसवर टिपून ठेवा. हा स्क्रू इतका लहान असतो की निखळून गालिच्यावर पडला तर संध्याकाळ गेली. काम थाळीवर करा.

खालचं एकदा बसलं की ते सोडून द्या. कापड बदललं की फिरवायचं ते वरचं. शून्य ते नऊ आकडे असतील तर चारच्या आसपास सुरुवात करा आणि अर्ध्या-अर्ध्या आकड्याने चाचणी घ्या. काळ्या मशिनवर आकडे नसतील तर पाव-पाव फेरा. वरचा आकडा अगदी एका टोकाला नेल्याशिवाय टाका जमत नसेल तर थांबा. दोष टेन्शनचा नाही, वरच्या एखाद्या पायरीवर काहीतरी राहिलं आहे, किंवा ती बारीक तारेची स्प्रिंग वाकली वा तुटली आहे. तिचं काम फास्याचं ढिलेपण क्षणभर सांभाळण्याचं असतं. बोटाने खाली दाबून सोडली की ती चटकन परत यायला हवी.

८. धार आणि ओरखडे

दोरा साफ कातरल्यासारखा तुटत असेल तर हे बघायचं. जुना नायलॉनचा मोजा किंवा कापसाचा बोळा घ्या आणि दोरा जिथून जिथून जातो तिथून हलकेच फिरवा: हूक, लिव्हरचं छिद्र, प्रेशर फुटाची खालची बाजू, प्लेटचं छिद्र. जिथे धागा अडेल तिथे ओरखडा. प्लेटचं छिद्र हे नेहमीचं ठिकाण. कापड हाताने ओढलं की सुई वाकते, छिद्राच्या काठावर आपटते आणि तिथे टोचर कड उभी राहते.

प्लेटवरची ती कड अगदी बारीक पॉलिश पेपरने हळूहळू घासून काढता येते. खोल खड्डा असेल तर नवी प्लेट घ्या, काळ्या मशिनची प्लेट सहज मिळते. शटलच्या टोकाला मात्र पॉलिश पेपर लावू नका. त्याची लांबी आणि धार मापाची असते, जरासं टोक झिजलं की फासा कायमचा सुटायला लागतो. तिथे ओरखडा सापडला की तुमचं काम संपलं.

इथे थांबा आणि कारागिराला बोलवा

नवी, योग्य सुई नीट बसवूनही प्रत्येक कापडावर टाके सुटतात, किंवा मशीन खालचा दोरा उचलतच नाही. हे टायमिंग असू शकतं. सुई तळ गाठून साधारण दोन-अडीच मिलिमीटर वर येते तेव्हा शटलचं टोक नेढ्याच्या किंचित वर पोचलेलं असावं लागतं. जाड पदरांवर सुई आपटून मोडल्यानंतर हे जुळणं अनेकदा हलतं. सुईचा दांडा सैल करून आपण ते जुळवायला गेलो तर उंचीही जाते आणि वेळही, आणि मग कारागिराला दुप्पट काम.

सुई प्लेटवर किंवा शटलवर आपटते. चाक फिरवून पाहायचंसुद्धा थांबवा.

शटलमागचा कचरा काढूनही चाक अडतं. जोर लावू नका.

टेन्शनची स्प्रिंग तुटली आहे. भाग स्वस्त असतो, पण चकत्यांची जुळणी परत त्याच क्रमाने लावणं सरावाचं काम आहे.

मोटारला जळका वास, ठिणगी, अंगाला मुंग्या येण्याइतका करंट. प्लग काढा आणि उघडू नका. इलेक्ट्रॉनिक मशीन वॉरंटीत असेल तर झाकणाचा स्क्रूही न काढता सरळ सर्व्हिस सेंटरला द्या.

कारागिराकडे जाताना नुसतं "टेन्शन बिघडलंय" सांगू नका. लाल-निळ्या दोऱ्याने शिवलेला तुकडा न्या, ज्या सुईवर त्रास होतो ती न्या, बॉबिन केस आणि भरलेली बॉबिन न्या, कारण अर्धे दोष त्या केसमध्येच सापडतात आणि लोक नेमकी तीच घरी विसरतात. काय काय करून पाहिलं तेही सांगा. शटल किंवा केस बदलली तर जुना भाग परत मागून घ्या. आणि पैसे देण्याआधी तुम्ही नेलेल्या कापडावर, तुमच्याच दोऱ्याने टीप मारून बघा. दुकानातल्या जाड पॉपलीनवर जवळजवळ प्रत्येक मशीन चांगलं चालतं, त्रास जॉर्जेटवर असेल तर जॉर्जेटच घेऊन जा.